‘लव्हलेस’च्या खर्चाचं पुराण बाजूला ठेवून जरा गिटारवर बोलूया का?

खरखर (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा विषय निघाला आणि तिसऱ्या प्रतिसादातच नेहमीचं सुरू झालं. लव्हलेस म्हणजे तोच ना त्यांचा तो अल्बम, अडीच लाख पौंड खाल्लेला, एकोणीस स्टुडिओ फिरलेला, ज्याने क्रिएशन रेकॉर्ड्स ही त्यांची कंपनी बुडवली. झालं. मग सगळ्यांनी केव्हिन शील्ड्स किती चक्रम माणूस आहे यावर दोन दोन ओळी लिहिल्या आणि धागा मेला. अल्बममध्ये ऐकू काय येतं यावर एकानेही लिहिलं नाही, मीही नाही, म्हणून हा प्रायश्चित्ताचा धागा समजा.

थोडक्यात हकीकत, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बँड मूळचा डब्लिनचा, १९८३ चा, पुढे लंडनला गेला. चौघं जण: शील्ड्स (गिटार, गाणं), बिलिंडा बुचर (गिटार, गाणं), डेबी गूज (बास), कॉल्म ओ कीसोग (ड्रम्स). १९८८ ला क्रिएशनवर ‘इझन्ट एनिथिंग’ आला, समीक्षक खूश झाले, आणि १९८९ च्या सुरुवातीला पुढच्या अल्बमसाठी मंडळी साउथवर्कमधल्या एका स्टुडिओत शिरली. शील्ड्सच्या सांगण्याप्रमाणे कंपनीला वाटत होतं की पाच दिवसांत काम उरकेल. पाच दिवस! अल्बम आला नोव्हेंबर १९९१ मध्ये.

मधल्या काळात एक स्टुडिओ सोडायचा, दुसरा धरायचा, तिथल्या मशीनमध्ये काहीतरी खोट निघायची की तिसरा. प्रत्येक स्टुडिओबरोबर तिथला इंजिनिअर पदरात पडायचा आणि शील्ड्सचं म्हणणं असं की त्यातल्या बहुतेकांना हे जे करतायत ते मुळात चूकच वाटायचं. अपवाद दोनच, अॅलन मोल्डर आणि नंतर आलेली अंजली दत्त. तरी अल्बमवर नावं भरपूर आहेत कारण ज्याने नुसता चहा करून दिला त्याचंही नाव टाकलं असं शील्ड्सनेच सांगितलंय. (आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ मध्ये सगळी चिल्लीपिल्ली येतात तसं.)

ऐकू काय येतं ते लिहायला बसलो होतो पण तीनदा खोडलं. वेल्वेट, ढग, पाण्याखाली वगैरे शब्द सगळ्यांनी वापरून चोथा केलाय. एवढंच सांगतो, मी पहिल्यांदा ऐकला तो मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर, आणि मला खात्रीच पटली की टेप ताणली गेलीय. मी पेन घालून रीळ घट्ट करून पाहिलं. दोनदा.

टवाळ बोका

मी पयला.

आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी तीन वेळा प्रामाणिकपणे प्रयत्न केलाय. प्रत्येक वेळी असं वाटतं की शेजारी मिक्सर चालू आहे आणि त्याच्या पलीकडच्या घरात कोणीतरी छान गाणं लावलंय. मला ते पलीकडचं गाणं ऐकायचंय हो, मिक्सर बंद करा.

मंद्र

बोक्या, मिक्सरच तर गाणं आहे :ड

खरखर, छान सुरुवात. पण ‘खर्च बाजूला ठेवूया’ म्हणत निम्मा धागा तुम्ही त्यावरच घालवलात, हे नोंदवून ठेवते.

जुनाट

खर्च बाजूला ठेवता येत नाही राव. आकड्याचं जरा नीट लिहितो कारण दोन्ही बाजू कोणी एकत्र मांडत नाही.

अडीच लाख हा आकडा क्रिएशन चालवणाऱ्या अॅलन मॅकगीचा. शील्ड्सचं म्हणणं वेगळंच: आम्ही कधी हिशोब ठेवलाच नव्हता, पण नंतर स्टुडिओचं भाडं आणि इंजिनिअरांचे पैसे धरून मांडलं तर फार तर एक लाख साठ हजार होतात. त्यातलेही बरेचसे तीन वर्षं जगण्यावर गेले, प्रत्यक्ष अल्बमवर काही हजारच. आणि क्रिएशनच्या खिशातून गेले असतील तर पंधरा ते वीस हजार, बाकी आमचेच, असंही तो म्हणतो. म्हणजे एकाच अल्बमचा खर्च कोणाला विचारता त्यावर अडीच लाख ते काही हजार यातला कुठलाही निघतो. तमाशाच्या फडाचा हिशोब बरा.

माझं मत, दोघंही आपापल्या परीने खरं बोलतायत. मॅकगीला आठवतंय ते दर महिन्याला येणारं बिल. शील्ड्सला आठवतंय ते स्टुडिओत प्रत्यक्ष काम झालेले दिवस, जे त्याच्या मते सगळे मिळून चार महिन्यांचेच. अहो दोन वर्षांत चार महिने काम! बाकीचा वेळ पुढच्या स्टुडिओची वाट बघण्यात. ज्याला पगार द्यायचेत त्याने काय करावं?

आणि कंपनी ‘बुडवली’ हेही अर्धंच खरं. त्याच शरद ऋतूत, १९९१ लाच, क्रिएशनने प्रायमल स्क्रीमचा ‘स्क्रीमाडेलिका’ आणि टीनेज फॅनक्लबचा ‘बँडवॅगनेस्क’ काढले. एवढ्याशा स्वतंत्र कंपनीच्या अंगावर तीन मोठी कामं एकदम. नंतर १९९२ ला सोनीने ४९ टक्के हिस्सा घेतला. एका अल्बमने कंपनी सोनीच्या दारात नेली हे ऐकायला भारी वाटतं, पण आधीपासूनच वर्षानुवर्षं उधारीवर चाललेलं दुकान होतं ते.

खरखर

जुनाट, मान्य. फक्त एक. ‘ज्याला पगार द्यायचेत त्याने काय करावं’ हे बरोबर, पण पाच दिवसांचा अंदाज कोणी केला? आधीचा अल्बम झटपट झाला म्हणून पुढचाही होईल असं धरून चालायचं, आणि मग बोंब मारायची.

रीळवाला

धागा वर आणतोय. मी साउंडचं काम करतो (फार मोठं नाही, जाहिराती, पॉडकास्ट वगैरे) त्यामुळे गिटारवर बोलायला हात शिवशिवतायत.

सर्वात मोठा गैरसमज, की यात शंभर गिटारी एकावर एक रचल्यात. नाहीत. शील्ड्सने कितीतरी वेळा सांगितलंय की माझ्या गाण्यांत गिटारचे ट्रॅक लोकांच्या डेमोपेक्षाही कमी असतात. दुसरा गैरसमज पेडल्सचा. लोकांना वाटतं कोरस, फ्लँजर, असं काहीतरी फिरवणारं यंत्र आहे. ते पण नाही.

आहे ती एक दांडी. फेंडर जॅझमास्टर या गिटारला ट्रेमोलो आर्म असतो, दाबला की सगळ्या तारा एकदम किंचित ढिल्या पडतात, सूर उतरतो, सोडला की परत जागेवर. सगळं जग आधी सूर वाजवतं आणि मग दांडी हलवून त्याला झोका देतं. हा बाबा दांडी मुठीत धरूनच स्ट्रम करतो. म्हणजे हात खाली जाताना दांडी दाबली जाते, वर येताना सुटते, आणि सहाच्या सहा तारांचा पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सतत थोडासा बेसूर होऊन सुरात परत येत राहतो. एकही ठोका नेमक्या सुरावर उभा राहत नाही. खरखर यांनी पेन घालून रीळ घट्ट केलं ते यामुळेच, कान बरोबर होते तुमचे, टेप ताणल्यावर हेच होतं.

त्यावर रिव्हर्स रिव्हर्ब, म्हणजे उलटा घुमारा. यामाहाचं एसपीएक्स ९० नावाचं डबडं होतं, त्या काळात पुष्कळ स्टुडिओत असायचं. साध्या रिव्हर्बमध्ये आवाज येतो आणि मागे शेपूट विरत जाते. उलट्यात शेपूट फुगत येते आणि कापली जाते. म्हणजे ठोका बसल्याचा जो ‘टण्’ असतो, जो आपल्याला सांगतो की गिटार आत्ता वाजली, तोच पुसला जातो. राहतो फक्त सूर, कधी सुरू झाला ते न कळणारा.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात धाडसाची वाटते. रॉकमध्ये गिटार मोठी करायची तर एक डावीकडे एक उजवीकडे अशी पसरवतात, आम्ही रोज तेच करतो. त्याने गिटार मध्यभागी ठेवली. म्हणून ती तुमच्या आजूबाजूला नसून भिंतीसारखी समोर येते आणि गाणारे त्याच भिंतीत चिणल्यासारखे वाटतात. बोकोबांचा मिक्सर तो हाच.

मंद्र

रीळवाला, दंडवत. वाचनखूण साठवली.

मी गाणं शिकते (आपलं, म्हणजे शास्त्रीय) त्यामुळे ते दांडीचं वाचून पहिलं मींड आठवली.

खर्जातला

मींड नाही हो. मींड एका सुराकडून दुसऱ्याकडे जाते, तिला जायचं ठिकाण असतं. इथे सूर कुठेच जात नाही, जागच्या जागी झुलतो. आंदोलन म्हणा फार तर.

मंद्र

बरं आंदोलन. पण आंदोलनही एका ठरावीक सुरावर असतं, इथे अख्खा कॉर्ड हलतोय, आपल्याकडे त्याला शब्दच नाही बहुतेक. माझ्या डोक्यात खरंतर तानपुरा होता. जवारी (तार घोडीला घासून येणारी झणझण) चांगली लागली की चार तारांतून न छेडलेले सूर ऐकू यायला लागतात. मला लव्हलेसमध्ये तसे सूर ऐकू येतात जे बहुधा कोणी वाजवलेलेच नाहीत, बासरीसारखं काहीतरी वर तरंगत असतं. विशेषतः ‘टू हिअर नोज व्हेन’ मध्ये. ते माझे भास आहेत का?

रीळवाला

भास नाहीत. थोडे सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारं यंत्र) आणि कीबोर्डवरून वाजवलेले आवाज आहेतच, त्यात गिटारचा फीडबॅक सॅम्पल करून कीबोर्डवर वाजवलेला पण आहे. पण सूर एवढे जवळ घासले की कान स्वतःही काही तयार करतो, त्यामुळे कुठलं टेपवर आहे आणि कुठलं तुमच्या डोक्यात हे सांगणं कठीण. जवारी शब्द मात्र फिट्ट बसला, चोरतो आहे.

अबोली२

उशिरा आले. धागा छान चाललाय पण सगळे प्रतिसाद वाचून मोजलं, शील्ड्स हे नाव इतक्या वेळा आलं, आणि बिलिंडा बुचर एकदा, ओळख करून देताना.

बँडमधले चार लोक या अल्बमवर कसे आहेत बघा. कॉल्म त्या काळात आजारी होता, त्यात राहण्याचे हाल, त्यामुळे एखाददोन गाणी सोडली तर ड्रम्स म्हणजे त्याने वाजवलेले तुकडे सॅम्पल करून जोडलेले आहेत. ‘टच्ड’ नावाचा छोटा तुकडा मात्र पूर्ण त्याचा. डेबीचं नाव बासवर आहे पण बास शील्ड्सनेच वाजवला. ती म्हणते सुरुवातीला रोज जायचे, मग आपली काही गरजच नाही असं वाटायला लागलं तसं कमी केलं. हे मला फार लागलं वाचताना. भांडण नाही, काढून टाकणं नाही, नुसतं एक दिवस जायचं बंद होणं.

आणि बिलिंडा. शब्दांपैकी साधारण एक तृतीयांश तिचे. आवाज ज्याला सगळे ‘स्वप्नाळू’ म्हणतात ना, त्यामागचं रहस्य असं की रात्रभर काम चालायचं आणि गाणं रेकॉर्ड व्हायचं सकाळी साडेसातला, तेव्हा ती नुकती झोपलेली असायची आणि तिला उठवून गायला लावायचे. हे तिनेच सांगितलंय. कंट्रोल रूमच्या काचेवर पडदा लावलेला, आत कोणी बघायचं नाही, ऐकायचंही नाही, टेक चांगला झाला की पडदा सरकवून हात करायचा. म्हणजे आपण ज्याला सौंदर्यशास्त्र म्हणतो ते मुळात एका बाईची अपुरी झोप आहे.

टवाळ बोका

अबोली, शेवटचं वाक्य __/\__

हे वाचून चौथ्यांदा लावणार आहे. झोपेतून उठून.

खरखर

अबोली, चूक मान्य. मला नेहमी वाटायचं की आवाज मागे ठेवलाय तो लाजून. पण त्यात आणखी एक आहे, कोण गातंय तेच कळत नाही कितीतरी ठिकाणी. तो चढ्या सुरात जातो, ती खाली येते, एकमेकांवर टेक रचलेले. शब्दही धड लागत नाहीत. आणि तरी शब्दांवर रात्र रात्र बसायचे म्हणे, आठ आठ दहा दहा तास! कोणाला ऐकू न येण्यासाठी एवढी मेहनत मी फक्त परीक्षेच्या पेपरातल्या अक्षरावर घेतली आहे.

एक तिरकस

काडी टाकतो. अल्बम आला तेव्हा इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत सर्वात वर गेला तो २४ व्या क्रमांकावर. अमेरिकेत मुख्य यादीत आलाच नाही. त्याच वर्षी निर्व्हानाचा ‘नेव्हरमाइंड’ आला होता, जगाचं लक्ष तिकडे. अमेरिकेच्या ‘स्पिन’ मासिकाने १९९१ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून क्रिएशनचाच अल्बम निवडला पण तो बँडवॅगनेस्क. मग १९९९ ला पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटने नव्वदच्या दशकाची यादी केली त्यात लव्हलेस पहिला, २००३ ला परत केली त्यात दुसरा. रोलिंग स्टोनच्या पाचशेच्या यादीत २००३ ला २१९ वा, २०२० ला ७३ वा. अल्बम तोच, एक सूर बदललेला नाही. मग चढला कोण? मला विचाराल तर यादी करणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने आधीची यादी वाचून कान तयार केले. आपण आवडतंय म्हणून ऐकतो की न आवडलं तर आपली समज कमी ठरेल म्हणून?

जुनाट

तिरकसराव, अर्धं पटतं. पण ‘दुर्लक्षित राहिला, नंतर सापडला’ हेही पुराणच आहे हां. त्या वेळी इंग्लंडच्या संगीत साप्ताहिकांनी भरभरून लिहिलं होतं, समीक्षकांना पहिल्या दिवसापासून आवडला. ब्रायन ईनोसारख्या संगीतकाराने ‘सून’ या गाण्याचं (ते आधी १९९० च्या ईपीवर, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर, आलेलं) कौतुक केलं की याने पॉपचा नवा मापदंड घातला. दुर्लक्ष केलं ते गिऱ्हाइकांनी. आणि मग फॅशन बदलली. जमिनीवरच्या पेडल्सकडे बघत वाजवतात म्हणून अशा संगीताला शूगेझ हे नाव पडलं होतं ते चेष्टेचं झालं, ब्रिटपॉप आलं, आणि क्रिएशनने मान वर करून गाणारा ओअॅसिस पकडला. ज्या कंपनीने शील्ड्सला काढलं तिला दोनेक वर्षांत लॉटरी लागली. एवढा तिरकस योगायोग तर तुम्हालाही लिहिता आला नसता.

एक तिरकस

खिक्. बरं, ईनोचा मुद्दा घेतो. यादीचा मुद्दा सोडत नाही.

मंद्र

मला यादीवर एकच म्हणायचंय. मी कुठलीही यादी न वाचता याच्याकडे आले, ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ सिनेमात टॅक्सीतून रात्रीचं शहर दिसतं तिथे लव्हलेसमधलं ‘समटाइम्स’ लागतं. ते काय होतं हे शोधत आले. त्यामुळे निदान एक मत यादीबाहेरचं धरा.

नवखा_पक्षी

मी फक्त वाचनमात्र असतो पण एक प्रश्न. पुढे काय झालं बँडचं? आणि कुठून सुरुवात करू, आवाज किती ठेवू? हेडफोनवर डोकं दुखलं.

खरखर

या या. क्रिएशनने हात वर केल्यावर १९९२ ला आयलंड कंपनीशी करार झाला. दक्षिण लंडनमध्ये स्वतःचा स्टुडिओ बांधायला घेतला, मिक्सिंग डेस्कने दगा दिला, आणि मग वर्षं गेली. डेबी आणि कॉल्म १९९५ च्या सुमारास बाहेर, बिलिंडा १९९७ ला. शील्ड्स प्रायमल स्क्रीमबरोबर वाजवत राहिला. २००७ ला परत जमले आणि पुढचा अल्बम ‘एम बी व्ही’ आला फेब्रुवारी २०१३ मध्ये, कुठल्याही कंपनीशिवाय, स्वतःच्याच वेबसाइटवर. वेबसाइट लगेच झोपली. एकवीस वर्षं वाट बघितलेले लोक मध्यरात्री रिफ्रेश मारत बसले होते, त्यात मी एक.

आवाज: स्पीकरवर ऐका, हेडफोनवर नको. शेजारी भांडायला येणार नाहीत इतपत मोठा, पण मोठा. हळू आवाजात हा अल्बम खरंच बोक्याचा मिक्सर आहे. मात्र कानाला जपा. शील्ड्सला स्वतःला कान वाजण्याचा त्रास आहे आणि २००८ च्या कार्यक्रमांत ते दारातच इअरप्लग वाटायचे, कारण ‘यू मेड मी रिअलाइज’ या गाण्याच्या मध्यात एकच कॉर्ड दहा दहा पंधरा पंधरा मिनिटं गर्जत ठेवतात.

टवाळ बोका

अपडेट. चौथ्यांदा ऐकला. सकाळी, स्पीकरवर, मोठ्याने. आई येऊन विचारून गेली फ्रिज असा का करतोय.

अजून आवडला असं म्हणणार नाही. पण ‘समटाइम्स’मध्ये ते पलीकडच्या घरातलं गाणं पहिल्यांदाच नीट ऐकू आलं आणि मग लक्षात आलं की मिक्सर बंद केला तर तेही बंद होईल. बाकी दहा गाण्यांवर माझं मत राखून ठेवतो.

उंच_माझा_आवाज

सगळे प्रतिसाद वाचले, मजा आली. नवख्या पक्ष्याला एकच सल्ला, घ्यायचाच तर २०१२ ची दोन सीडींची आवृत्ती मिळवा. एक सीडी डिजिटल टेपवरून केलीय आणि दुसरी मूळ अॅनालॉग टेपवरून. मी दोन्ही लागोपाठ ऐकल्यात आणि फरक जमीनअस्मानाचा आहे, अॅनालॉगमध्ये जी ऊब आहे ना, ती डिजिटलला सात जन्मात येणार नाही. ज्याला कान आहेत त्याला पहिल्या मिनिटात कळतं.

रीळवाला

उंच माझा, एक विचारू? अॅनालॉगची म्हणजे जिच्यावर अॅनालॉग लिहिलंय तीच ना?

उंच_माझा_आवाज

अर्थात. का?

रीळवाला

काही नाही, त्या आवृत्तीत दोन सीडींची लेबलं अदलाबदल होऊन छापली गेली अशी बरीच ओरड झाली होती तेव्हा.

टवाळ बोका

खिक् खिक् खिक्

मंद्र

बोक्या, गप. तू आधी बाकीची दहा ऐक.